फिटचे रूप बदलते तेव्हा : बडोद्याच्या वाचकांची तीन पत्रे

गेल्या काही आठवड्यांत अपस्माराविषयी, म्हणजे फिटच्या आजाराविषयी, जी पत्रे आली, त्यांतील तीन बडोद्याची आहेत आणि तिन्हींतील तक्रार एकाच जातीची आहे : वर्षानुवर्षे ओळखीचा झालेला आजार आता निराळा वागू लागला आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

पत्र पहिले

आदरणीय डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. माझे वय ४६. माहेर दांडिया बाजारात, सासर मांजलपूरला. एका पतपेढीत मी कॅशियर आहे. १९९६ साली, मी १७ वर्षांची असताना, पहिली मोठी फिट आली. तेव्हा केलेला सीटी स्कॅन नॉर्मल निघाला. आधी फेनिटोइन दिले होते, पण हिरड्या सुजू लागल्याने ते बदलून कार्बामाझेपिन सुरू झाले आणि त्यानंतर कितीतरी वर्षे मोठी फिट आलेली नाही. मात्र दोनेक वर्षांपूर्वी यजमान निवृत्त होऊन घरी राहू लागले, तेव्हापासून ते सांगतात की मी बोलता बोलता मध्येच गप्प होते, ओठ चाटते, डाव्या हाताने पदर चुरगाळत राहते आणि उजवा हात वाकडा होऊन ताठतो. मिनिट-दीड मिनिटाने मी भानावर येते. मला त्यातले काहीच आठवत नाही. त्याआधी पोटातून एक लाट गळ्यापर्यंत चढते, एवढेच कळते. ही लाट मला तरुणपणापासून येते. मी ती पित्त समजून सोडा घेत आले. अलीकडे एकदा काउंटरवर नोटांचे बंडल हातात धरून मी तशीच बसून राहिले आणि समोरचे आजोबा ‘बहेन, बहेन’ करीत राहिले. पाळीच्या दिवसांत हे वाढते आणि पाळीही आता मागेपुढे होते. डॉक्टरांनी लेव्हेटिरासेटाम जोडले होते, पण चिडचिड इतकी वाढली की मीच ते बंद केले. आई म्हणते, दोन वर्षांची असताना तापात मला फार वेळ आकडी आली होती. हा नवा आजार आहे का? वयाबरोबर तो वाढत जाईल का? मुलीला होईल का?

उत्तर

ताई, पत्रातील सर्वांत मोलाच्या दोन गोष्टी आपण जाता जाता लिहिल्या आहेत : लहानपणी तापात आलेली दीर्घ आकडी आणि तरुणपणापासूनची पोटातून चढणारी लाट. या दोहोंच्या मध्ये १९९६ ची मोठी फिट ठेवून पाहिली, तर आपला आजार नवा नसून तो बहुधा पहिल्यापासून असाच आहे आणि त्याचा एक भाग आतापर्यंत कुणी पाहिलेलाच नव्हता, असे मला वाटते. पत्रावरून निदान करता येत नाही, म्हणून ‘बहुधा’ हा शब्द जपून वाचावा.

कानाच्या वरच्या बाजूस, मेंदूच्या ज्या भागाला टेम्पोरल लोब म्हणतात, त्याच्या आत हिप्पोकॅम्पस नावाची लहानशी रचना असते आणि स्मरणशक्तीशी तिचा निकटचा संबंध असतो. बालपणी तापात दीर्घकाळ आकडी आलेल्या काही मुलांमध्ये या रचनेवर व्रण राहतो, मधली अनेक वर्षे काहीच त्रास होत नाही आणि मग किशोरवयात किंवा त्यानंतर फिट सुरू होतात. या फिटचा आरंभ पुष्कळदा पोटातून वर चढणाऱ्या लाटेने, अकारण भीतीने किंवा ‘हे आधी घडले आहे’ अशा भासाने होतो. ही लाट ‘फिट येणार’ अशी नुसती सूचना नसून ती स्वतःच एक छोटी फिट असते, ज्यात शुद्ध शाबूत राहते. विद्युत्प्रवाहाची गडबड थोडी पसरली की शुद्ध हरपते, ओठ चाटणे आणि हाताचा चाळा सुरू होतो. ती मेंदूच्या दोन्ही अर्धभागांत पसरली, तर सर्वांग झटकणारी मोठी फिट येते. कार्बामाझेपिनने आपल्या बाबतीत हा शेवटचा टप्पा चांगला रोखला आहे. पण विश्वामित्रीचे पाणी वस्तीत शिरले नाही, म्हणजे नदी कोरडी पडली, असे कुणी बडोदेकर म्हणणार नाही. सोडा घेतल्याबद्दल मी मुळीच बोल लावणार नाही, कारण पोटातून येणाऱ्या संवेदनेचा दोष पोटाला देणे इतके स्वाभाविक आहे की काही रुग्णांची मेंदूआधी जठराचीच तपासणी होते.

मग बदलले काय? एक तर पाहणारा बदलला. यजमान दिवसभर घरी नव्हते, आपल्याला त्या मिनिटाची आठवण राहत नाही आणि मुलांना वाटत असणार की आई विचारात गढली आहे. म्हणून ‘दोन वर्षांत वाढले’ हे विधान मी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. पतपेढीतील जुन्या सहकाऱ्यांना आणि आपल्या बहिणीला किंवा जावेला स्पष्ट विचारावे की असे गप्प होणे त्यांनी पूर्वी कधी पाहिले होते का. या एका चौकशीने पुष्कळ कोडे सुटते. मात्र काउंटरवरचा प्रसंग आणि पाळीशी असलेला संबंध पाहता खरी वाढही झालेली असू शकते आणि तिला कारण आहे.

स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूतील पेशींची उत्तेजितता वाढवते, तर प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारा एक घटक ती शांत करतो. पाळी येण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन एकदम उतरते, म्हणून अपस्मार असलेल्या साधारण एक तृतीयांश स्त्रियांमध्ये फिट पाळीच्या चक्राशी बांधलेल्या दिसतात. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत बीजनिर्मिती अनियमित होते, प्रोजेस्टेरॉन आधी कमी पडते, इस्ट्रोजेन चढउतार करीत राहते आणि याच काळात फिट वाढल्याची तक्रार येते. ज्यांच्या फिटचा पाळीशी संबंध असतो, त्यांच्यापैकी अनेकींना पाळी कायमची थांबल्यावर आराम पडतो. वयाबरोबर हे वाढतच जाईल, असे म्हणूनच समजू नये. पाळीच्या चार-सहा दिवसांपुरते क्लोबाझाम हे फिटचे आणखी एक औषध देण्याचा उपाय वापरला जातो आणि तो चांगला आहे, पण त्यासाठी पाळीची तारीख आधी सांगता यावी लागते. आपली पाळी मागेपुढे होत असल्याने त्यावर फारशी भिस्त ठेवता येणार नाही.

आता तपासण्यांविषयी. १९९६ च्या सीटी स्कॅनवर विसंबून ‘मेंदू ठीक आहे’ असे समजणे सोडून द्यावे, कारण हिप्पोकॅम्पसवरचा व्रण सीटी स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही. त्यासाठी अपस्मारासाठी ठरलेल्या पद्धतीने, शक्य तर ३ टेस्ला इतक्या अधिक शक्तीच्या यंत्रावर, हिप्पोकॅम्पसचे बारीक छेद घेऊन एमआरआय करावा लागतो आणि चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ न लिहिता हा उद्देश लिहून घ्यावा लागतो. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा आलेख, जागेपणी आणि झोपेत, दोन्ही वेळी व्हावा. तो नॉर्मल आला तरी अपस्मार नाही असे ठरत नाही. त्याखेरीज रक्तातील सोडियम, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहावे. कार्बामाझेपिन सोडियम उतरवू शकते आणि उतरलेले सोडियम स्वतःच फिटला निमंत्रण देते. शिवाय अशा औषधांच्या दीर्घ वापराने हाडे ठिसूळ होतात, हे रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर विशेष लक्षात घ्यावे. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट म्हणजे गोळीची पट्टी नीट पाहावी. दुकानदाराने हळूहळू विरघळणाऱ्या सीआर गोळीऐवजी त्याच नावाची साधी गोळी दिलेली असते आणि घरात कुणाच्याच ध्यानात येत नाही, असे घडते.

यजमानांचे निरीक्षण मला फार आवडले, कारण कोणता हात काय करतो हे त्यांनी वेगवेगळे सांगितले आहे. उजवा हात वाकडा होऊन ताठतो आणि डावा चाळा करतो, यावरून फिटचा उगम डाव्या बाजूस असावा असा अंदाज बांधता येतो. त्यांनी पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करावे, ते चेहऱ्यापुरते न करता दोन्ही हात दिसतील असे करावे आणि चित्रण चालू असतानाच आपले नाव विचारावे, एखादा शब्द सांगून ठेवावा आणि भानावर आल्यावर तो आठवतो का ते पाहावे. फिट ओसरताच वर्तमानपत्रातील एक ओळ मोठ्याने वाचायला द्यावी. वाचन सुधारायला मिनिटाहून अधिक वेळ लागला, तर भाषा सांभाळणाऱ्या, म्हणजे बहुतेकांत डाव्या, बाजूचा संशय बळावतो. घरातल्या दिनदर्शिकेवरच पाळीची तारीख, ‘लाट’, ‘गप्प होणे’, चुकलेली गोळी आणि जागरण यांच्या खुणा केल्या तरी पुरे. सुरेख वही करण्याच्या नादात लोक ती आठवड्यातच सोडून देतात.

औषधाबाबत माझे मत असे की लेव्हेटिरासेटाम आपण परस्पर बंद केले हे धोक्याचे होते, कारण अपस्मारावरील कोणतेही औषध एकाएकी सोडल्यास सलग फिट येण्याची भीती असते. मात्र त्याने चिडचिड होते ही आपली तक्रार खरी आहे, ती आपल्या स्वभावावर ढकलू देऊ नये. दुसरी औषधे आहेत आणि ती डॉक्टर निवडतील. परंतु योग्य निवडलेली आणि सोसलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसतील, तर त्या अपस्माराला औषधांना न जुमानणारा म्हणायचे, अशी व्याख्या अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये मांडली. सोसले नाही म्हणून सोडलेले औषध या मोजणीत धरत नाहीत. तेव्हा आपण अजून त्या पायरीवर नाही, पण फार लांबही नाही. ग्लासगोच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या औषधाने ४७ टक्के, दुसऱ्याने आणखी १३ टक्के रुग्ण फिटमुक्त झाले आणि त्यापुढची औषधे आजमावून ही भर अगदी थोडी पडली. म्हणून एमआरआयमध्ये व्रण दिसला आणि पुढचे औषधही अपुरे ठरले, तर शस्त्रक्रियेचा विचार दहा वर्षे पुढे ढकलू नये. कॅनडातील २००१ च्या तुलनात्मक अभ्यासात टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधांवर हे प्रमाण ८ टक्के होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होतात. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत शब्दांची स्मृती काहीशी मंदावण्याचा धोका असतो, त्यामुळे आधी स्मरणशक्तीची सविस्तर परीक्षा घेतात.

मुलीची काळजी करू नये. अशा व्रणामुळे होणारा अपस्मार सहसा आईकडून मुलीकडे जात नाही. आपण स्कूटर चालवत असाल, तर ती मात्र तूर्त यजमानांच्या ताब्यात द्यावी. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रात अपस्मार आहे का हा प्रश्न असतोच आणि शुद्ध हरपत असताना त्याचे खरे उत्तर एकच आहे. न्हाणीघराला आतून कडी लावू नये, उकळते पातेले मागच्या शेगडीवर ठेवावे आणि उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, गच्चीवर जावे, पण कठड्यापासून दूर बसून फिरकी धरावी. पतपेढीत व्यवस्थापकांना आणि शेजारच्या टेबलावरील एका सहकाऱ्याला सांगून ठेवावे. अशा वेळी हात धरून ओढू नये, हळू आवाजात धीर द्यावा आणि नोटा बाजूला घ्याव्यात, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ झाले.

पत्र दुसरे

आम्ही कारेलीबागेत राहतो. माझा १९ वर्षांचा मुलगा अभियांत्रिकीला आहे. गेल्या नवरात्रात सलग जागरणे झाली आणि सातव्या माळेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मोठी फिट आली. डॉक्टरांनी कार्बामाझेपिन सुरू केले. फिट पुन्हा आली नाही, पण सकाळी दात घासताना ब्रश हातातून उडतो, चहाचा कप निसटतो. पूर्वी हे क्वचित होई, आता रोज होते. नातेवाईक म्हणतात, गरबा कायमचा बंद करा. आजार वाढत आहे का?

उत्तर

आपण वर्णन केलेले सकाळचे झटके हाच या पत्रातील निर्णायक भाग आहे आणि तो पहिल्या भेटीत डॉक्टरांना सांगितला गेला नसावा, कारण कप निसटणे हे कुठल्याच घरात लक्षण मानले जात नाही, धांदरटपणा मानला जातो. किशोरवयात सुरू होणारा, उठल्यावर तासाभरात हातांना क्षणिक झटके देणारा आणि जागरणानंतर मोठी फिट आणणारा जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी हा अपस्माराचा प्रकार इथे असण्याची दाट शक्यता आहे. कार्बामाझेपिन पहिल्या पत्रातील ताईंसाठी योग्य औषध आहे, पण या प्रकारात तेच औषध झटके वाढवू शकते. त्यामुळे आजार वाढला असे मानण्याआधी औषधाकडे पाहावे. तेही स्वतः बंद न करता याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी, सकाळच्या झटक्यांचे चित्रण सोबत न्यावे आणि जागरणानंतरचा ईईजी करावा का ते विचारावे. व्हॅलप्रोएट या प्रकारात तरुणांना फार गुणकारी ठरते, लेव्हेटिरासेटामही वापरतात. हेच पत्र मुलीविषयी असते, तर व्हॅलप्रोएटचे नाव मी इतक्या सहज लिहिले नसते, कारण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात.

गरबा बंद करण्याच्या मी विरुद्ध आहे. नाचल्याने फिट येत नाही, झोप तुटल्याने येते. रात्री बाराला घरी यावे, गोळी ठरल्या वेळी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासिकेसाठी त्याला कुणी उठवू नये. नवरात्राचा उपवास असला तरी गोळी चुकवू नये. मैदानावर लुकलुकणारे दिवे लावले असतील, तर त्यांच्यासमोर उभे राहू नये, कारण या प्रकारातील काहींना लुकलुकाटाने फिट येते. गुजरातेत दारूबंदी आहे हे मला ठाऊक आहे, तरी या वयाच्या मुलाला दारू आणि तिच्यानंतरची तुटकी झोप याविषयी एकदा स्पष्ट सांगावे.

एक गोष्ट अप्रिय असली तरी सांगतो. या प्रकारात औषधाने बहुतेकांच्या फिट पूर्ण थांबतात, म्हणूनच तीन-चार वर्षांनी ‘आता कशाला गोळी’ असे मुलाला आणि आपल्यालाही वाटेल, आणि औषध सोडल्यावर बहुतेकांना फिट परत येतात. मोठ्या फिट आवाक्यात नसतील, विशेषतः त्या झोपेत येत असतील, तर अचानक मृत्यूचा धोका असतो. अपस्मार असलेल्या प्रौढांत तो वर्षाला हजारात साधारण एक इतका धरतात आणि फिटवर ताबा राहिल्यास तो बराच कमी होतो. घरातील सर्वांना आणि त्याच्या मित्रांना एवढे शिकवावे : फिट आली की कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा भानावर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन करायचा. नाकात फवारायचे मिडाझोलाम डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते, ते घरी ठेवता येईल.

पत्र तिसरे

वडील ७२ वर्षांचे आहेत. तरुणपणापासून फेनिटोइनवर असून त्यांना अनेक वर्षे फिट नव्हती. मध्यंतरी एक झटका आल्यासारखे वाटले म्हणून गोळी ३०० मिलिग्रॅमवरून ४०० केली. आता ते झोकांड्या खातात, बोलणे जड झाले आहे आणि रात्री लघवीला उठताना दोनदा पडले. फिटचे स्वरूप बदलले, असे समजून मात्रा आणखी वाढवावी का?

उत्तर

वाढवू नये. फेनिटोइनचा हिशेब सरळ चालत नाही. यकृताची ते पचवण्याची क्षमता एका मर्यादेनंतर संपते आणि मग मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातील पातळी कितीतरी अधिक चढते. झोकांड्या, जड जीभ, डोळे थरथरणे ही त्या पातळीची लक्षणे असतात आणि ती फारच चढली तर उलट फिट येऊ शकते. पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी लागते. वृद्धांत रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असल्यास हा आकडा योग्य दिसूनही औषध जास्त झालेले असते, म्हणून अल्ब्युमिनही तपासावे. अलीकडे बुरशीवरचे, क्षयावरचे किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठीचे एखादे औषध सुरू झाले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांतील काही फेनिटोइनची पातळी वाढवतात.

रात्री उठताना पडणे ही फिटच आहे, असे धरून चालू नये. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी ते गोळी घेत असतील, तर उभे राहिल्याबरोबर रक्तदाब उतरून घेरी येते. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी, असा दोनदा मोजून घ्यावा. पडताना डोक्याला मार लागला असेल, डोके दुखत असेल किंवा ते सुस्त वाटत असतील, तर सीटी स्कॅन त्याच दिवशी करावा, कारण या वयात कवटीच्या आत रक्तस्राव सावकाश साठत जातो आणि तो उशिरा उमगतो.

झोकांड्या जाताहेत म्हणून घाबरून गोळी एकदम बंदही करू नये, मात्रा किती आणि कशी उतरवायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. पातळीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यावे आणि आधीची गोळी किती वाजता घेतली, ते प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे.